रक्ताभिसरणाचं मॉडेल: एका बल्बचं घ्यावं की दोन रंगांचं?

दिवाळीची सुट्टी संपली की बडोद्यातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. मग रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत पालक येऊन विचारतात, "ते रक्त फिरतं ते मॉडेल आहे का?" दुकानदार दोन काढून ठेवतो. एक साधं, एका रबरी बल्बचं, दोन-सव्वादोन हजारांचं. दुसरं दिव्याचं, दोन रबरी बल्बचं, अर्धं लाल आणि अर्धं निळं, किंमत जवळपास दुप्पट. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "बे कलरवाळुं लई जाओ ने साहेब, मार्क्स एमां ज मळे." मार्कांचं तो म्हणतो ते खरं असेलही. रक्त शरीरात कसं फिरतं हे समजून घ्यायचं असेल, तर मात्र साधं घ्या. आम्ही दोन्ही मॉडेलं भरून, चालवून, खोलून आणि मापून पाहिली.

आधी दोन रंगांच्या मॉडेलविषयी, कारण लोक फसतात ते तिथेच. मागचा पत्रा काढला की कळतं, आत दोन वेगळ्या बंद नळ्या आहेत. लाल बल्ब लाल पाणी डाव्या बाजूने फिरवतो, निळा बल्ब निळं पाणी उजव्या बाजूने. शरीरातल्या केशवाहिन्यांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या जागी आणि फुप्फुसांच्या जागी दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी आणून वर जाळीचं चित्र चिकटवलंय. म्हणजे निळं पाणी फुप्फुसापर्यंत जातं आणि निळंच परत येतं. लाल पाणी अंगभर हिंडून लालच राहतं. एकाचा थेंबही दुसऱ्यात जात नाही. हे पाहिलेल्या मुलाला विचारा, रक्त किती प्रकारचं असतं? "दोन" असं उत्तर येतं, आणि त्यात मुलाची चूक नाही. त्याने जे पाहिलं तेच तो सांगतो.

गंमत अशी की हा समज फार जुना आहे. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळापासून युरोपातले वैद्य मानत आले होते की यकृतात अन्नापासून रक्त तयार होतं, शिरांमधून अवयवांकडे जातं आणि तिथे खर्ची पडतं. धमन्यांतलं रक्त निराळं. आपल्या शब्दांत सांगायचं तर बडोद्याला पाणी देणाऱ्या आजवा तलावाच्या पाण्यासारखं: तलावातून निघालं, घरोघरच्या नळांना आलं, संपलं. परत आजव्याला काही जात नाही. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली हे मोडून काढलं ते साध्या गुणाकाराने. त्याने अंदाज मुद्दाम हात राखून धरला. दर ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात, असं धरलं तरी 500 औंस होतात. म्हणजे चौदा किलोंच्या वर. इतकं रक्त माणसाच्या अंगात मुळात नसतंच, मग अर्ध्या तासात नवीन कुठून तयार होणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या बारीक वाहिन्या हार्वेला दिसल्या नव्हत्या. मार्चेल्लो माल्पिघीने त्या 1661 साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. दोन रंगांच्या मॉडेलमध्ये नेमका हाच जोड गायब आहे. चार-साडेचार हजार मोजून हार्वेच्या आधीच्या काळात जायचं, असा हा सौदा.

निळ्या रंगाचा घोटाळा वेगळाच. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. हाताच्या शिरा कातडीवरून निळसर दिसतात, ते प्रकाश कातडीत शिरून परत येताना जे होतं त्यामुळे. रक्त तपासायला काढतात तेव्हा ट्यूबमध्ये पाहा, जांभळट-लाल असतं. धमनीतल्या रक्तात हिमोग्लोबिन 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. सगळीकडून गोळा होऊन हृदयाच्या उजव्या बाजूला आलेल्या रक्तात, माणूस स्वस्थ बसलेला असेल तर, अजून 75 टक्क्यांच्या आसपास भरलेलं असतं. म्हणजे अंगाने एका फेरीत जेमतेम पाव भाग ऑक्सिजन घेतला. बाकीचा शिल्लक राहतो, पळताना-जिना चढताना कामी येतो. 'अशुद्ध रक्त' हा शब्द ऐकून मुलांच्या डोक्यात गटाराचं पाणी येतं, म्हणून तो टाळलेला बरा.

आता एका बल्बचं मॉडेल. साधारण 45 × 60 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा बोर्ड, त्यावर माणसाची आकृती छापलेली, मध्ये चार कप्प्यांचं पारदर्शक हृदय, आणि आतून 5 मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी जी हृदयातून निघते, अंगाच्या जाळीतून जाते, उजव्या बाजूला येते, फुप्फुसांच्या जाळीतून जाते आणि डाव्या बाजूला परत पोचते. एकच अखंड नळी. डाव्या खालच्या कप्प्याला मागून बल्ब जोडलेला. बल्बच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाशी रबराची एकेक चकती, हीच झडप. सोबत नरसाळं, रंगाची पुडी आणि चार पानांची पुस्तिका. दिसायला अगदीच गरीब. दुकानात धूळ खात पडलेलं असतं.

घरी आणल्यावर पहिली फजिती पाणी भरताना होते. पुस्तिकेत लिहिलंय, 'वरच्या भोकातून लाल पाणी भरा.' तसं केलं तर फुप्फुसांच्या जाळीत हवा अडकते आणि कितीही दाबलं तरी निघत नाही. बल्बमध्ये हवा राहिली तर आणखी वाईट: दाबल्यावर हवाच दबते, पाणी जागचं हलत नाही. म्हणून बोर्ड भिंतीला टेकवून तिरपा ठेवायचा, खालच्या कोपऱ्यातला जोड सोडून तिथून नरसाळ्याने सावकाश भरायचं आणि वरचं बूच उघडं ठेवायचं, म्हणजे पाणी चढताना हवेला पुढे ढकलतं. मधूनमधून नळीला पेन्सिलीने टिचक्या मारायच्या. पाणी उकळून गार केलेलं घ्या, कारण साध्या पाण्यात विरघळलेली हवा तासाभरात बारीक बुडबुडे होऊन नळीच्या आतल्या बाजूला चिकटते. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार वाळून चकतीवर बसतात आणि पुढच्या वेळी झडप नीट मिटत नाही. आरओचं पाणी चालतं. साबणाचा थेंब घातला की बुडबुडे निघतात असं कुणीतरी सुचवतं. निघतात, आणि त्यांच्या जागी फेस येतो. आमच्या मापाने सगळी वाट भरायला 360 मिलिलिटर पाणी लागलं.

आणि लाल रंग घालूच नका. हे ऐकून दुकानदार आणि मुलं दोघंही नाराज होतात, पण सगळी नळी एकसारखी लाल झाली की पाणी हलतंय की थांबलंय हे डोळ्याला कळतच नाही. साधं पाणी भरा. वाटेत एके ठिकाणी नळी कापून टी-जोड बसवा. मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला लागतो तो प्लास्टिकचा टी इथे बरोबर बसतो. त्याला सयाजी रुग्णालयासमोरच्या सर्जिकल दुकानात मिळणारा थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी, लावा. मग सिरिंजने अर्धा मिलिलिटर निळी शाई हाताच्या शिरेच्या जागी सोडा आणि बल्ब दाबत राहा. शाईचा डाग उजव्या वरच्या कप्प्यात येतो, खालच्यात उतरतो, फुप्फुसांकडे जातो, तिथून डावीकडे, आणि मग कुठे महाधमनीत, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, शिरून डोक्याकडे निघतो. दंडात दिलेलं इंजेक्शन मेंदूत पोचायला आधी फुप्फुसाची वारी का करावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही आकृतीत दिसत नाही. डाग पुढे जाताना पसरट आणि फिका होत जातो, तेही पाहण्यासारखं. नळीच्या मधलं पाणी जोरात धावतं, कडेचं मागे राहतं. किती दाबांनंतर डाग मूळ जागी परत येतो ते मोजा. बल्बच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाची नळी सोडून मापपात्रात दहा वेळा दाबून पाहिलं तर 240 मिलिलिटर पाणी आलं. म्हणजे दर दाबाला 24. मग 360 ला 24 ने भागून पंधरा दाबांत एक फेरी. पाहताना चौदा-सोळा होतात, ठीक आहे.

हेच गणित माणसाचं करा. साधारण 70 किलोच्या प्रौढात पाच लिटर रक्त, दर ठोक्याला 70 मिलिलिटर, म्हणजे सत्तर-बहात्तर ठोक्यांत, एका मिनिटात, सगळं रक्त एकदा हृदयातून जातं. दिवसाला एक लाखाच्या वर ठोके आणि सात हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा सात. मॉडेलचा बल्ब मिनिटाला चाळीस वेळा दाबायला एखाद्या दहावीतल्या मुलाला सांगा. तिसऱ्या मिनिटाला त्याचा अंगठा दुखायला लागतो.

आता या मॉडेलचा मोठा दोष. पंप एकच आहे. उजव्या बाजूचे दोन कप्पे निव्वळ पोकळ डब्या आहेत, पाणी त्यांतून नुसतं वाहून जातं. पुस्तिकेत मात्र 'हृदयाचे दोन पंप' असं छापलंय. हे आधीच मुलांना सांगा, लपवू नका. उलट यावरून दोन चांगल्या गोष्टी निघतात. माशाच्या हृदयात असंच असतं: एक पंप, रक्त कल्ल्यांतून जाऊन तसंच पुढे अंगाला, वाटेत दुसरा धक्का नाही. आणि काही बाळं एकाच कामाच्या निलयासह, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यासह, जन्मतात. त्यांच्यावर जी शस्त्रक्रिया करतात, 1971 साली फ्रान्सिस फोंताँ या फ्रेंच सर्जनने मांडलेली, तिच्यात शिरांचं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसाकडे वळवतात. ती माणसं जगतात, शाळेत जातात. म्हणजे आपलं गरीब मॉडेल अगदीच अशक्य काही दाखवत नाही. मात्र निरोगी माणसात उजवा पंप असतोच, फक्त कमजोर, कारण त्याला जवळच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं.

किती कमजोर, हे या बोर्डावर कुठेच दिसत नाही, आणि आमच्या मते तीच त्यातली खरी उणीव. मॉडेल रस्ता दाखवतं, दाब दाखवत नाही. रस्ता तर पुस्तकातल्या चित्रातही असतो. रक्त पुढे का जातं याचं उत्तर दाबात आहे. ते बसवायला पन्नास-शंभर रुपयांचं सामान पुरतं.

बाहेर जाणाऱ्या झडपेनंतर लगेच दुसरा टी-जोड बसवा. त्याच्या उभ्या टोकाला सलाइन सेटची नळी जोडा. एक नळी दीड मीटरची असते, दोन जोडून भिंतीवर सरळ उभी चिकटवा, वरचं तोंड उघडं ठेवा आणि टोकाशी एक बाटली टांगा, नाहीतर पाणी छताला लागेल. गवंड्याची लेव्हल पाइप वापरायचा मोह होतो, पण ती जाड असते, एका मीटरलाच बल्बचे दोन दाब गिळून टाकते आणि मग सगळे आकडे खोटे. आता बल्बच्या उंचीपासून मोजत भिंतीवर खडूने खुणा करा: 163 सेंटिमीटरला एक, 109 ला एक, 34 ला एक आणि 7 ला एक. पहिली म्हणजे 120 मिलिमीटर पारा, निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब. दुसरी 80, खालचा. तिसरी 25, उजव्या पंपाचा वरचा दाब. चौथी 5, उजव्या वरच्या कप्प्यात परत येताना उरलेला. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणून पाऱ्याचे 10 मिलिमीटर म्हणजे पाण्याचे 13.6 सेंटिमीटर. चार खुणांकडे नुसतं पाहिलं तरी कळतं की डावा पंप पाण्याला माणसाच्या डोक्याइतकं उंच उडवतो आणि उजवा गुडघ्याच्याही खाली. डाव्या निलयाची भिंत सुमारे सेंटिमीटरभर जाड आणि उजव्याची तीन-चार मिलिमीटर का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने हाच प्रयोग जिवंत घोडीवर केला होता. 1733 साली छापलेल्या त्याच्या वर्णनात काचेच्या नळीत रक्त 8 फूट 3 इंच चढल्याचं आहे.

याच नळीने आणखी एक उपयोगाची गोष्ट दिसते. बोर्ड टेबलावरून उचलून खुर्चीवर ठेवला की भिंतीवरचे आकडे चुकतात. घरच्या डिजिटल मशीनने बीपी मोजताना पट्टा हृदयाच्या पातळीत हवा असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. हात खाली लोंबकळत असेल आणि पट्टा वीतभर खाली गेला असेल तर आकडा पंधराने वाढून येतो, आणि माणूस उगाच गोळीच्या विचाराने घाबरतो.

उभी नळी लावून बल्ब दाबला की दुसरी गडबड लक्षात येते. दाबला की पाणी वर झेपावतं, सोडला की थेट तळाला. 120 आणि शून्य. माणसाचा खालचा दाब 80 असतो, शून्य नसतो. कारण मॉडेलची नळी ताठ आहे आणि महाधमनी ताणली जाणारी आहे. ठोक्याला ती फुगते, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसते आणि आत साठलेलं रक्त पुढे ढकलते. हे दाखवायला जत्रेत कुत्रे-ससे वळून देतात तो लांबोडका फुगा घ्या. दोन्ही टोकं कापा, बारा सेंटिमीटरचा तुकडा महाधमनीच्या जागी नळीत घाला, दोन्ही बाजूंना केबल टायने घट्ट आवळा. आता दाबा. उभ्या नळीतलं पाणी खाली येतं, पण शंभरच्या आसपास अडतं, आणि पुढे पाण्याची धार मध्येच तुटत नाही. वय वाढलं की धमन्या ताठर होतात, मग वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. 160 आणि 70 असा आजोबांचा कागद घरात असेल तर फुगा काढलेलं आणि फुगा घातलेलं मॉडेल शेजारी-शेजारी चालवून पाहा.

इथे एक गंमत हटकून होते. जोरात दाबलं की फुगा सगळीकडे सारखा फुगत नाही, एकाच ठिकाणी गोळा येतो, आणि एकदा आला की तोच वाढत जातो. गोळ्याचा घेर जितका मोठा तितका त्याच्या भिंतीवर ताण जास्त, म्हणून तो आणखी फुगतो. माणसाच्या महाधमनीत हाच प्रकार झाला की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. फुग्यावर क्रेप बँडेजचे दोन सैल वेढे द्या, गोळा यायचा थांबतो. खऱ्या धमनीतही लवचीक तंतूंच्या बाहेर न ताणणाऱ्या कोलॅजनचं असंच वेष्टन असतं.

सलाइन सेटची चाकवाली चाप फेकू नका. ती अंगाच्या जाळीच्या अलीकडे नळीवर बसवा आणि जाळीच्या पलीकडे अजून एक उभी नळी लावा. चाप ढिली असताना दोन्ही नळ्यांत पाणी फार वेगळं नसतं. चाप आवळत गेलं की अलीकडची नळी चढते, पलीकडची सात-आठ सेंटिमीटरवर पडून राहते. पुस्तिकेत लिहिलंय की दाब केशवाहिन्यांत उतरतो. ते तितकंसं बरोबर नाही. सगळ्यात जास्त दाब उतरतो तो केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक धमन्यांत. तिथे 85 च्या आसपास असलेला दाब केशवाहिनीच्या तोंडाशी 35 वर येतो. ही चाप म्हणजे त्याच बारीक धमन्या. शरीर त्यांच्या स्नायूंनी हीच चाप दिवसभर ढिली-घट्ट करत असतं: जेवल्यावर आतड्यांची ढिली, थंडीत कातडीची घट्ट. आणि चाकाला किंचित हात लावला की प्रवाहात केवढा फरक पडतो ते बघा. नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा राहतो.

झडपेचा धडा या मॉडेलमध्ये चुकून फार छान जमून आलाय, कारण चकत्या काढता येतात. बाहेरच्या तोंडाची चकती काढून बल्ब दाबा. पाणी पुढे जातं आणि सोडल्यावर तितकंच मागे येतं, हात मात्र तितकाच दमतो. गळकी झडप म्हणजे काय, आणि अशा माणसाला दोन जिने चढल्यावर धाप का लागते, हे हाताला कळतं. चकती उलटी बसली तर काहीच वाहत नाही. नव्या मॉडेलमध्ये पाणी जागचं हलत नसेल तर आधी हे तपासा. आमच्याकडे आलेल्या बोर्डात आत येणारी चकती उलटीच होती.

शिरांच्या बाबतीत बोर्ड जवळपास मुका आहे. रक्ताचा साठ टक्क्यांहून जास्त भाग कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतो, आणि इथे शीर म्हणजे धमनीइतकीच जाड निळी रेघ. पायांच्या शिरांतल्या झडपा तर नाहीतच. त्यासाठी मॉडेल लागत नाही, हार्वेने छापलेला प्रयोग स्वतःच्या हातावर करा. दंडाला रुमाल बांधा, नाडी लागत राहील इतकाच घट्ट. मूठ उघड-बंद केली की कोपराखालच्या शिरा फुगतात, आणि त्यांवर मध्येमध्ये बारीक गाठी दिसतात. त्या झडपा. मनगटाकडच्या बाजूला एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त वर, पुढच्या गाठीच्या पलीकडे निपटून न्या. आता वरचं बोट उचला. गाठीच्या वर शीर भरलेली, खाली रिकामी आणि सपाट. वरून खाली रक्त येतच नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरते. रुमाल मिनिटाभरात सोडा. शिरा उठून दिसणारा हात निवडा, गुबगुबीत हातावर काही दिसत नाही.

याच झडपा आणि पोटरीचे स्नायू मिळून पायांतलं रक्त वर चढवतात. नवरात्रात दोन-दोन तास गरबा खेळून एखादी मुलगी एकदम थांबते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात उपासाचा वाटा असेल. मोठा वाटा असतो तो पोटरीचा पंप अचानक बंद पडल्याचा. पायांतल्या वाहिन्या अजून मोकळ्या असतात, रक्त तिथेच साचतं, हृदयाला परत कमी मिळतं. खेळ संपल्यावर पाच मिनिटं नुसतं चालत राहायचं.

हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा बोर्डावर छापलेलाच नाही, हे जरा खटकतं. मिनिटाला अडीचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त हृदय स्वतःसाठी ठेवतं, आणि डाव्या भिंतीला ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. हे पाहायचं असेल तर बोकडाचं हृदय आणा. खाटकाला आधीच सांगा की वरच्या नळ्या छाटू नका, नाहीतर तो त्याच पहिल्या काढून टाकतो. गुठळ्या धुऊन काढा आणि जाड भिंतीच्या, मधून निघणाऱ्या नळीत, म्हणजे महाधमनीत, बारीक धारेने पाणी सोडा. आतले तीन पापुद्रे टपकन मिटतात आणि पाणी वर उभं राहतं. हळूहळू उतरलं तर झडप गळते असं लगेच म्हणू नका. पापुद्र्यांच्या लगेच वर दोन भोकं असतात, पाणी तिथून चाललेलं असतं. त्याच हृदयधमन्या. हातमोजे घाला, आणि शाळेत करायचं असेल तर मुख्याध्यापकांना आधी विचारा. आपल्या गावात या बाबतीत पालकांची तक्रार यायला वेळ लागत नाही.

बोर्डावरची नावं इंग्रजी आणि गुजरातीत आहेत. फुप्फुस धमनी लाल छापलीय, कारण रंगवणाऱ्याने धमनी म्हणजे लाल असं धरलं असणार. ती निळी हवी आणि फुप्फुस शीर लाल. स्केचपेनने दुरुस्त करा. मराठी चिठ्ठ्या लावणार असाल तर एक ठरवा: वरच्या-खालच्या कप्प्यांना अलिंद-निलय म्हणायचं की कर्णिका-जवनिका. गुजराती माध्यमातली मुलं कर्णक आणि क्षेपक म्हणतात, त्यामुळे बडोद्यात कर्णिका पटकन रुळते. दोन्ही जोड्या एकाच बोर्डावर नकोत.

देखभाल अवघड नाही, विसराळूपणा भोवतो. वापरून झालं की त्याच दिवशी पाणी काढा, दोनदा आरओच्या पाण्याने धुवा, बल्बने हवा मारून वाळवा. आठवडाभर पाणी राहिलं तर आत हिरवट बुरशी धरते. ती काढायला नळीच बदलावी लागते. कुंकू, गुलाल, बिटाचा रस यांतलं काही आत घालू नका. कुंकू विरघळत नाही, चकतीखाली जाऊन बसतं. बिटाचा रस आंबतो. पोटॅशियम परमँगनेटने नळ्या कायमच्या तपकिरी होतात. फुगा दर वेळी नवा घाला, जुना चिरतो. मे महिन्यात माळ्यावर ठेवलं तर नळ्या मऊ पडून जोडांतून निसटतात, म्हणून घरातच कपाटामागे उभं ठेवा.

दुकानाच्या सेवेबद्दल तक्रार एवढीच की खोक्यात जादा चकत्या देत नाहीत आणि मागून गेलं तर "आखो बल्ब लेवो पडशे" असं ऐकावं लागतं. बिल करतानाच दोन चकत्या मागून घ्या, तेव्हा खळखळ करत नाहीत. नाहीच मिळाल्या तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा नाण्याएवढा गोल कापून, एका कडेला चिकटवून लावला तर महिना-दोन महिने सहज चालतो.